टॅपचा टेप कसा होतो?

इंग्रजी वाचायला नुकतंच लागलेलं मूल 'टॅप' हा शब्द व्यवस्थित लावतं. टी, ए, पी. बोट एकेका अक्षराखालून सरकतं, तीन ध्वनी एकमेकांना चिकटतात, शब्द तयार. आता त्याच शब्दाच्या शेवटी एक ई लिहून बघा. बोट पुन्हा डावीकडून निघतं, 'टॅ' होतं, 'प' होतं, आणि ईपाशी येऊन अडखळतं. मग 'टॅपे' किंवा 'टॅपी' असं काहीतरी ऐकू येतं. मुलाने नियम मोडलेला नाही. जे दिसेल ते, दिसेल त्या क्रमाने म्हणायचं, एवढंच आपण त्याला शिकवलेलं असतं आणि ते त्याने इमानेइतबारे केलं.

या अक्षराला 'सायलेंट ई' म्हणतात. पण ई गप्प बसतो ही खरी अडचण नाही. तो गप्प बसून मागच्या स्वराचा उच्चार बदलतो, तोही मधल्या व्यंजनाच्या डोक्यावरून. म्हणजे 'ए' कसा म्हणायचा हे ठरवण्याआधी डोळ्यांनी दोन घरं पुढे जाऊन यायला हवं. देवनागरी वाचणाऱ्याला हे अगदीच परकं नाही. 'कि'मधली वेलांटी क च्या आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते. फरक इतकाच, की वेलांटी अक्षराला चिकटलेली असते आणि कधी फसवत नाही.

हा ई असा दूरून कारभार का करतो, याचं उत्तर जुन्या उच्चारात आहे. 'नेम' या शब्दाचं जुन्या इंग्रजीतलं रूप 'नामा'सारखं होतं. संस्कृतातून आपल्याकडे आलेल्या 'नाम' या शब्दाचं ते दूरचं भावंडच. पुढे शेवटचा स्वर झिजून पुसट 'अ' झाला, पण शब्द दोन तुकड्यांतच म्हटला जाई: ना-म. पहिला तुकडा स्वरावर संपत असल्याने तो स्वर लांबला. इ. स. १४००च्या सुमारास शेवटचा पुसट स्वरही बोलण्यातून गेला. लिहिण्यातला ई मात्र जागेवर राहिला, आणि लोकांच्या लक्षात आलं की शेवटी ई असला की आधीचा स्वर लांब असतो. मग ज्या शब्दांत तो कधी नव्हताच तिथेही त्याला नेऊन बसवलं. 'वाईफ', 'स्टोन', 'होम' यांच्या जुन्या मूळ रूपांत शेवटी ई नव्हता. १५८२ साली रिचर्ड मल्कास्टर या इंग्रज शिक्षकाने लेखनाचे नियम मांडताना ईचं हे काम ठळकपणे नोंदवलं. दरम्यान लांब स्वरांचे उच्चारच सरकत गेले आणि 'आ'चा 'ए' झाला. म्हणून आज टॅप आणि टेप यांत नुसता ऱ्हस्व-दीर्घाचा फरक उरलेला नाही, स्वरच वेगळा आहे.

वर्गात याच ईला 'मॅजिक ई' म्हणतात. छडी फिरवली की ए आपलं नाव सांगू लागतो. गोष्ट मुलांना आवडते, आठवडाभर तिचा उपयोगही होतो. पण जादू म्हटलं की 'कधी चालेल, कधी नाही' हेही ओघाने आलं, म्हणून मला ती फार ताणावीशी वाटत नाही. इंग्लंडमधल्या शाळांतला 'स्प्लिट डायग्राफ' हा शब्द रुक्ष असला तरी नेमका आहे: ए आणि ई ही एकाच ध्वनीची जोडी, मध्ये व्यंजन शिरल्याने फाकलेली. दोन्ही अक्षरांना खालून कमान काढून जोडलं, की मुलाला ती जोडी डोळ्यांनी दिसते.

आधी तीन अक्षरी शब्द पक्के हवेत. ते डळमळत असताना ई आणला तर दोन्हींचा गोंधळ होतो. मग जोड्या घ्याव्यात: किट-काईट, हॉप-होप, कब-क्यूब. प्रत्येक ध्वनीला एक चौकट आखावी. 'टेप'ला चौकटी तीनच लागतात, अक्षरं मात्र चार. ई चौकटीबाहेर लिहिला की त्याचं स्थान आपोआप कळतं. सर्रास होणारी चूक इथे घडते. पानभर फक्त ईवालेच शब्द दिले, तर मूल ईकडे बघतच नाही. सगळीकडे लांब स्वर ठोकून देतं आणि सगळं बरोबर येतं. दोन्ही प्रकारचे शब्द मिसळून दिल्यावरच डोळा पुढे बघायला शिकतो. निरर्थक शब्दही यासाठीच कामाचे, कारण ते पाठ असण्याची शक्यता नसते. इंग्लंडमध्ये २०१२पासून पहिल्या इयत्तेत होणाऱ्या तपासणीत ४० शब्दांपैकी २० असे बनवलेले असतात.

आणि अपवाद? ते आहेतच, आणि नेमके रोजच्या शब्दांत आहेत. अमेरिकेत थिओडोर क्लायमर यांनी १९६३ साली प्राथमिक वाचनपुस्तकांतल्या शब्दांवर हा नियम तपासला, तेव्हा तो ६३ टक्के शब्दांना लागू पडला. पण बाकीचे शब्द सगळेच बेशिस्त नसतात. 'हॅव', 'गिव्ह', 'लव्ह' यांत ई आहे तो वेगळ्याच कारणाने: इंग्रजी शब्द सहसा व्ही या अक्षरावर संपवत नाहीत. 'डान्स'मध्ये तो सी ला 'स' म्हणायला लावतो, 'लार्ज'मध्ये जी ला 'ज'. एका ईला अनेक नोकऱ्या आहेत, एवढं सांगितलं तरी मूल ऐकून घेतं. 'कम' आणि 'डन' तेवढे पाठच करावे लागतात.

नियम बसतोय हे कळतं ते वाचनाआधी चुकीच्या स्पेलिंगवरून. मूल 'रेन' म्हणजे पाऊस हा शब्द आर-ए-एन-ई असा लिहितं. स्पेलिंग चूकच आहे, पण त्यात लांब स्वर ओळखलेला आहे आणि तो दाखवण्यासाठी शेवटी ई ठेवलेला आहे. महिन्यापूर्वी त्याच मुलाने आर-ए-एन लिहून वही मिटली असती.