अलेक्झांड्रिया : पर्यटन

अलेक्झांड्रिया हे भूमध्य समुद्राकाठचे ईजिप्तचे प्रमुख बंदर आणि कैरोखालोखाल देशातले दुसरे मोठे शहर. अरबी नाव अल्-इस्कंदरिया. इ. स. पू. ३३१ मध्ये सिकंदराने ते वसवले, पुढे ती टॉलेमी राजांची राजधानी झाली. कैरोहून आगगाडीने अडीच-तीन तासांत पोहोचता येत असल्याने अनेक परदेशी प्रवासी सकाळी येऊन संध्याकाळी परततात. तेवढ्यात यादी उरकते. शहर पाहायला एक मुक्काम हवाच.

ज्या दोन वास्तूंनी शहराचे नाव जगभर नेले, त्या आज उभ्या नाहीत. फॅरोस बेटावरचे दीपगृह भूकंपांनी खचत चौदाव्या शतकात संपले. त्या जागी मामलुक सुलतान कैतबेने १४७७ च्या सुमारास किल्ला बांधला. किल्ल्यालगत समुद्रतळाशी प्राचीन शिळा आणि पुतळे सापडले आहेत, पण तटावरून पाहणाऱ्याला दिसते ते पाणीच. प्राचीन ग्रंथालयाच्या स्मरणार्थ २००२ मध्ये नवे ग्रंथालय उघडले. समुद्राकडे कललेली त्याची तबकडीसारखी इमारत आणि जगभरच्या लिप्यांतली अक्षरे कोरलेली ग्रॅनाइटची भिंत पाहण्याजोगी आहे. दीपगृहाच्या भरभराटीच्या काळात या बंदरातला माल नाईलमार्गे, मग वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावर जाई आणि तिथून भडोच, सोपारा, कल्याणपर्यंत पोहोचे.

वेळ थोडा असेल तर कोम अल्-शुकाफाची भूमिगत दफनस्थाने चुकवू नयेत. १९०० मध्ये एक गाढव जमिनीतल्या भगदाडात पडले आणि ती उजेडात आली, असे सांगतात. गोल जिना एका विहिरीसारख्या पोकळीभोवती खाली उतरतो. प्रेते त्या पोकळीतून दोरांनी सोडत. आत मृताच्या नातलगांसाठी दगडी बैठकींचे भोजनदालनही आहे. आणलेली खापराची भांडी तिथेच फोडून टाकत, म्हणून जागेचे नाव ‘खापऱ्यांचा ढीग’. मुख्य कबरीशी मृतांचा कोल्हेमुखी ईजिप्शियन देव अनुबिस चक्क रोमन शिपायाच्या पोशाखात उभा आहे. ईजिप्शियन, ग्रीक आणि रोमन श्रद्धांची अशी सरमिसळ इतकी ठसठशीत क्वचितच दिसते.

जवळच सुमारे २७ मीटर उंचीचा ‘पाँपीचा स्तंभ’ आहे. रोमन सेनानी पाँपीशी त्याचा संबंध नाही. तो रोमन सम्राट डायोक्लीशनच्या सन्मानार्थ उभारलेला. ग्रीको-रोमन संग्रहालय २००५ पासून बंद होते, ते २०२३ मध्ये पुन्हा उघडले.

संध्याकाळ मात्र कॉर्निशसाठी, म्हणजे समुद्राला लागून जाणाऱ्या लांबलचक रस्त्यासाठी, राखावी. तो ओलांडणे हे वेगळेच धाडस. स्थानिक माणसाच्या आडोशाने जाणे बरे. मासळीच्या खाणावळीत बर्फावरचे मासे स्वतः निवडायचे, वजन करून घ्यायचे आणि तळून की भाजून ते सांगायचे. पावात भरलेली मसालेदार कलेजी ही इथली खासियत. उन्हाळ्यात सगळे कैरो इथे लोटते आणि किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. हिवाळ्यात ‘नव्वा’ नावाची वादळे येतात. तेव्हा लाटा कॉर्निशचा कठडा ओलांडून रस्त्यावर फुटतात.