माहिय्या आणि वुजूद

मध्ययुगीन इस्लामी तत्त्वमीमांसेतील एक संज्ञाद्वय. वस्तू ‘काय आहे’ ते तिचे सत्त्व (माहिय्या) आणि ती ‘आहे’ हे तिचे अस्तित्व (वुजूद), असा भेद त्यातून केला जातो. ‘माहिय्या’ ही संज्ञा बहुधा ‘मा हिया?’ (‘ती काय आहे?’) या अरबी प्रश्नावरून बनली असावी. ‘वुजूद’चा धातू ‘सापडणे’ या अर्थाचा आहे. मराठीतील ‘मौजूद’ त्याच धातूपासून आला.

भेदाचा उगम वादग्रस्त आहे. मनुष्य म्हणजे काय हे एक आणि मनुष्य आहे हे दुसरे, असे ॲरिस्टॉटलने म्हटले होते. पण ते व्याख्येच्या चर्चेच्या ओघात. तत्त्वज्ञ अल्-फाराबीला (मृ. ९५०) श्रेय देण्याचा जुना प्रघात ज्या ‘फुसूस’ ग्रंथावर बव्हंशी विसंबून होता, तो आता सामान्यतः त्याचा मानला जात नाही. कलामच्या (इस्लामी ईश्वरशास्त्राच्या) वादातून हा भेद घडला, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. अस्तित्वात नसलेलेही ‘शै’ (वस्तू) असते, असे कलामच्या मुअ्तझिली पंथातील अनेक जण म्हणत. प्रतिस्पर्धी अश्अरी पंथाला ते अमान्य होते. इब्न सीनाने (९८०–१०३७) ‘अश्-शिफा’त दोन्ही संज्ञांचे अर्थ वेगळे, पण त्या एकमेकींना सोडून राहत नाहीत, अशी वाट काढली. याच ग्रंथातील हेतुकारणाच्या (वस्तू ज्या उद्दिष्टासाठी असते त्या कारणाच्या) प्रकरणात ‘शैइय्या’ (वस्तुत्व) वाचावे की ‘सबबिय्या’ (कारणत्व), याविषयी पाठभेद आहे. नुक्ते (अक्षरांवरचे ठिपके) गळाले की अरबी लिपीत हे दोन्ही शब्द जवळजवळ सारखेच दिसतात. ‘शैइय्या’ हा पाठ कलामशी असलेल्या नात्याला पुष्टी देतो आणि प्रकरणाच्या ओघातही बसतो.

इब्न सीनाचे उदाहरण त्रिकोणाचे आहे: रेषा आणि पृष्ठ यांवरून त्रिकोण समजतो, तरी तो प्रत्यक्षात आहे की नाही ही शंका उरते. तसेच अश्वत्व (घोड्याचे सत्त्व) हे निव्वळ अश्वत्व. ते स्वतः एक नाही की अनेक नाही. म्हणून संभाव्य (मुम्किन) वस्तूला अस्तित्व बाहेरच्या कारणाकडून मिळते. अवश्यसत् (वाजिब अल्-वुजूद) ईश्वराच्या ठायी मात्र हा भेद उरत नाही.

इब्न सीनाने अस्तित्वाला आगंतुक धर्म (वस्तूला बाहेरून जडलेला गुण) ठरवले, असा आक्षेप इब्न रुश्दने (११२६–९८) घेतला. सुह्रवर्दीच्या (मृ. ११९१) मते अस्तित्व ही बुद्धीची कल्पना आहे, ते वस्तूत खरोखर असेल तर त्यालाही अस्तित्व लागेल आणि अनवस्था (न संपणारी मालिका) ओढवेल. मुल्ला सद्राने (सु. १५७१–१६४०) उलट अस्तित्वच मूलभूत ठरवले. तो मध्ययुगाच्या चौकटीबाहेरचा, पण त्याच्यावाचून हा वाद अपुरा राहतो. अब्हरी या तत्त्वज्ञाच्या ‘हिदायत अल्-हिक्मा’ या ग्रंथावरील त्याचे भाष्य भारतीय मदरशांत ‘सद्रा’ या नावानेच शिकवले जाई.