लोणचं मुरतं, बाटली नाही

आमच्या काकांनी 2003 साली अमेरिकेहून आणलेली बर्बनची (मुख्यतः मक्यापासून होणाऱ्या अमेरिकन व्हिस्कीची) बाटली इतकी वर्षं कपाटात जपून ठेवली होती, का तर "मुरू दे अजून". लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, मग व्हिस्कीनेच काय घोडं मारलंय, असा त्यांचा हिशोब. पण काचेत व्हिस्की मुरत नाही हो! जे काय मुरायचं ते लाकडी पिंपात, बाटलीत भरली की वय तिथेच थांबलं.

हे कळायला अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या मिलविलची एक डिस्टिलरी, म्हणजे दारू गाळायचा कारखाना, बघा. 1887 मध्ये कर्नल एडमंड हेन्स टेलर नावाच्या माणसाने ओढ्याकाठी चुनखडीच्या दगडात चक्क बुरूजबिरूज असलेला किल्ला बांधला आणि आत दारूची भट्टी! त्या काळी भेसळ एवढी बोकाळलेली की साध्या स्पिरिटमध्ये रंग नि तंबाखू घालून जुनी व्हिस्की म्हणून खपवायचे. टेलरने पाठपुरावा केला आणि 1897 ला बॉटल्ड इन बाँड कायदा आला. बाटलीवर हे नाव लावायचं तर: एकाच डिस्टिलरीचा एकाच हंगामातला माल, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान 4 वर्षं, 50 टक्के अल्कोहोल.

आता माझा आवडता भाग, पिंप. बर्बनला दरवेळी नवं कोरं ओकचं पिंप लागतं, आणि ते आतून आग लावून जाळतात, मिनिटभरसुद्धा नाही, पण तेवढ्यात आतला थर कोळसा होतो आणि त्याच्या मागचं लाकूड नुसतं खरपूस भाजलं जातं. खरी गंमत या भाजलेल्या थरात. लाकडातलं हेमिसेल्युलोज तुटून साखरा होतात, त्या करपून कॅरॅमल, आणि लिग्निन नावाचा जो अवाढव्य पॉलिमर (छोट्या रेणूंचा जोडून झालेला मोठा रेणू) आहे त्याचे तुकडे पडून व्हॅनिलिन बनतं, म्हणजे आइस्क्रीममधल्या व्हॅनिलाचा वास देणारा तोच रेणू. पिंपात ओतताना दारू पाण्यासारखी रंगहीन असते. उन्हाळ्यात ती प्रसरण पावून लाकडात घुसते, थंडीत आकसून परत येते, येताना हे सगळं घेऊन येते, शिवाय लाकडाच्या छिद्रांतून हवा आत येते आणि ऑक्सिडेशन सुरू राहतं, त्यात अल्डिहाइडांची आम्लं, आम्लांची एस्टरं... असो, फार खोलात शिरलो. मुद्दा असा की रंग आणि बरीचशी चव लाकडाची. केंटकीतल्या चुनखडीतून झिरपलेल्या पाण्याचं जे "जादुई पाणी" म्हणून मार्केटिंग चालतं त्यात खरं एवढंच, की त्या पाण्यात लोह कमी असतं, आणि लोहाने व्हिस्की काळपट पडते. जादूबिदू काही नाही.

तर तो किल्ला. अमेरिकेतल्या दारूबंदीत बंद, मग पुन्हा सुरू, 1972 मध्ये गाळप थांबलं ते कायमचंच वाटलं. छपरं पडली, झाडंझुडपं आत घुसली. 2014 मध्ये विल आर्विन आणि वेस मरी यांनी ते अवशेष विकत घेतले, नाव दिलं कॅसल अँड की, कारण तिथल्या झऱ्याच्या कुंडाचा आकार कुलपाच्या भोकासारखा आहे. मॅरिअॅन ईव्ह्ज या केमिकल इंजिनिअर बाई त्यांच्या पहिल्या मास्टर डिस्टिलर, म्हणजे दारू गाळण्याच्या कामाच्या प्रमुख. भिंती पैशाने उभ्या राहिल्या, पिंपातली वर्षं कुठून आणणार? म्हणून आधी जिन आणि व्होडका विकली, ती मुरवावी लागत नाही ना. स्वतःची बर्बन बाजारात यायला 2022 उजाडलं.

काकांची बाटली परवा उघडली. बुचाचा भुगा झाला, चहाच्या गाळणीतून गाळून घ्यावी लागली. लेबलवर लिहिलेलं, वय 4 वर्षं.