आईची कॅल्शियमची गोळी आणि हार्टचा प्रश्न

पन्नाशी ओलांडली, गुडघे कुरकुरायला लागले की घरोघरी कॅल्शियमची गोळी सुरू होते आणि मग ती थांबवायचं कोणाच्या लक्षातच येत नाही. माझी आई कित्येक वर्षं रोज दोन घ्यायची. स्ट्रिप उलटी करून बघा, बारीक अक्षरात असतं, कॅल्शियम कार्बोनेट 1250 मिग्रॅ, त्यात खरं कॅल्शियम 500. म्हणजे दोन गोळ्यांचे झाले हजार.

न्यूझीलंडमधे ऑकलंडला मार्क बोलँड, इयन रीड वगैरे संशोधकांनी पाळी थांबलेल्या 1471 बायकांवर पाच वर्षं ट्रायल केली, निम्म्यांना रोज 1 ग्रॅम कॅल्शियम, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. बघायची होती हाडं, पण 2008 मधे छापून आलं की कॅल्शियमवाल्यांमधे हार्ट अटॅक जास्त दिसले. मग 2010 मधे 11 ट्रायल्सची जवळपास 12 हजार माणसं एकत्र धरली तर धोका साधारण 30 टक्के जास्त निघाला! आकडा ऐकून धडकी भरते, पण त्यांचाच हिशोब असा की हजार जणांनी पाच वर्षं गोळ्या घेतल्या तर अटॅक 14 जास्त, आणि फ्रॅक्चर 26 कमी.

उलट अमेरिकेत 36 हजार बायकांना सात वर्षं कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व दिलं, तिथे हार्टचा त्रास वाढला नाही, मुतखडे मात्र वाढले. तज्ज्ञांचं अजून एकमत नाही.

मला पटतं ते असं, की दूध-भाकरीतलं कॅल्शियम हळूहळू रक्तात उतरतं, गोळीने ते काही तास एकदम चढतं, आणि त्यामुळे रक्त गोठणं, धमन्यांमधे कॅल्शियम साचणं वाढत असावं असा संशय आहे. अजून सिद्ध नाही, पण जेवणातल्या कॅल्शियमबद्दल अशी भीती दिसलेली नाही.

म्हणून आधी ताट मोजा. आयसीएमआर, म्हणजे आपली वैद्यकीय संशोधन परिषद, या वयाच्या बायकांना दिवसाला 1200 मिग्रॅ सांगते. आई एक मोठा ग्लास दूध पिते, त्याचे 300 धरा, नाचणीची भाकरी आणि वाटीभर दही मिळून अजून तीनेकशे. राहिले सहाशे, मग हजाराच्या गोळ्या कशाला? हे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी एक गोळी कमी केली. मनाने बंद करू नका हं, ऑस्टिओपोरोसिसचं (हाडं ठिसूळ होण्याचं) औषध चालू असेल तर अजिबातच नाही. आईची उरलेली एक आता दुपारी जेवणासोबत असते, कारण सकाळी थायरॉइडची गोळी असते आणि दोन्हींमधे चार तास जायला हवेत.