कर्ट फ्लड आणि राखीव कलम : एका हरलेल्या खटल्याची पार्श्वभूमी

अमेरिकन बेसबॉलमधील खेळाडूंना हवा तो संघ निवडण्याचा हक्क कर्ट फ्लडने मिळवून दिला, असे विधान क्रीडाविषयक लेखनात वारंवार आढळते. त्यामागची कृतज्ञता रास्त असली, तरी ते वस्तुस्थितीला धरून नाही. सेंट लुइस कार्डिनल्स या संघाचा हा सेंटर फिल्डर १९७० मध्ये न्यायालयात गेला, जिल्हा न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रत्येक पायरीवर हरला, आणि पुढे खेळाडूंना मोकळीक मिळाली ती वेगळ्या वाटेने व वेगळ्या दोन खेळाडूंच्या प्रकरणातून. तरीही या विषयात पहिले नाव त्याचेच घ्यावे लागते. ते का, हे कळण्यासाठी तो ज्या कलमाशी भिडला, त्याच्यापासून सुरुवात करणे सोयीचे.

१८७९ मध्ये नॅशनल लीग या व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेच्या क्लबमालकांनी आपसांत असे ठरवले, की प्रत्येक क्लबने पाच खेळाडू राखून ठेवावेत आणि इतरांनी त्यांना हात लावू नये. चांगल्या खेळाडूंसाठी चढाओढ झाली की पगार वाढतात, ते वाढू नयेत, एवढाच त्यामागचा हिशेब होता. हळूहळू ही मुभा पाच जणांवरून संपूर्ण संघाला लागू झाली आणि तिने करारातील कलमाचे रूप घेतले. करार कागदावर एका वर्षाचा असे. मात्र खेळाडूने नव्या करारावर सही केली नाही, तर जुना करार आणखी एक वर्ष वाढवण्याचा अधिकार क्लबकडे असे, आणि वाढवलेल्या करारातही तेच कलम जिवंत राहते असा अर्थ मालक लावत असल्यामुळे एका वर्षाचे बंधन प्रत्यक्षात खेळाडूच्या निवृत्तीपर्यंत चाले. आयपीएलमुळे ‘रिटेन’ हा शब्द आपल्या कानावरून गेलेला आहे. तसे राखणे दरवर्षी आपोआप, खेळाडूची संमती न घेता आणि कधीच न संपणारे असते, तर जे झाले असते, ते म्हणजे हे राखीव कलम. क्लबला मात्र खेळाडू विकण्याची, बदलून घेण्याची किंवा काढून टाकण्याची पूर्ण मुभा होती. जॉन माँटगोमेरी वॉर्ड या कायद्याची पदवी घेतलेल्या खेळाडूने १८८७ मध्येच बेसबॉलपटू ही जंगम मालमत्ता आहे काय, असा प्रश्न छापील लेखात विचारला होता. १८९० मध्ये त्याच्या पुढाकाराने खेळाडूंनी स्वतःची लीग काढली. ती एकच हंगाम टिकली.

उद्योगधंद्यांतील अशा संगनमताला आळा घालणारा शर्मन कायदा १८९० पासून अस्तित्वात होता. पण १९२२ मध्ये, बंद पडलेल्या फेडरल लीगमधील बाल्टिमोरच्या क्लबने लावलेल्या खटल्यात न्यायमूर्ती होम्स यांनी एकमताचा निकाल लिहिला, की बेसबॉलचे सामने भरवणे हा राज्याराज्यांमधील व्यापार नव्हे, त्यामुळे हा कायदा त्याला लागू होत नाही. खेळाडू, सामान आणि तिकिटांचा पैसा राज्यांच्या सीमा ओलांडत असताना हा तर्क तेव्हाही लंगडा होता. रेडिओ आणि दूरचित्रवाणी आल्यावर तर तो केवळ कागदावर उरला. १९५३ मध्ये टूलसन खटल्यात न्यायालयाने तरीही तो कायम ठेवला आणि बदल हवा असेल तर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, करावा, असे सांगितले. त्यानंतर चार वर्षांच्या आत त्याच न्यायालयाने मुष्टियुद्ध आणि अमेरिकन फुटबॉल हे व्यवसाय कायद्याच्या कक्षेत येतात, असे निकाल दिले. बेसबॉल तेवढा बाहेर राहिला.

कर्टिस चार्ल्स फ्लडचा जन्म १८ जानेवारी १९३८ रोजी टेक्सासमधील ह्यूस्टन येथे झाला आणि तो कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या कृष्णवर्णीय वस्तीत वाढला. फ्रँक रॉबिन्सन आणि व्हाडा पिन्सन हे पुढे नावारूपाला आलेले दोन आउटफिल्डर त्याच परिसरातले. १९५६ मध्ये सिनसिनाटीच्या क्लबने त्याला करारबद्ध केले आणि नॉर्थ कॅरोलायनातील हाय पॉइंट-थॉमसव्हिल येथील मायनर लीग (सर्वोच्च दर्जाच्या मेजर लीगच्या खालची पायरी) संघात पाठवले. पुढचा हंगाम जॉर्जियातील सव्हाना येथे गेला. दक्षिणेतील या दोन वर्षांत गोऱ्या सहकाऱ्यांबरोबर हॉटेलात उतरणे किंवा जेवणे त्याला शक्य नव्हते. त्या काळातील एक प्रसंग त्याने नंतर लिहून ठेवला आहे. एकाच दिवशी दोन सामने होते. पहिला संपल्यावर त्याने घामाने भिजलेला गणवेश काढून इतरांच्या कपड्यांच्या ढिगावर टाकला. कपडे सांभाळणाऱ्या माणसाने आरडाओरड केली, लांब काठीने तो गणवेश ढिगातून वेगळा उचलला आणि कृष्णवर्णीयांच्या लाँड्रीत पाठवून दिला. बाकीचा संघ स्वच्छ कपडे घालून मैदानात उतरला, तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा फ्लड उघड्या अंगाने आपल्या कपड्यांची वाट पाहत बसला होता.

डिसेंबर १९५७ मध्ये सिनसिनाटीने त्याला सेंट लुइसला देऊन टाकले. तेथे सुरुवातीची काही वर्षे त्याला कायमची जागा मिळाली नाही. १९६१ च्या मध्यात जॉनी कीन व्यवस्थापक झाल्यावर त्याची जागा पक्की झाली. सेंटर फिल्डर हा मैदानाच्या बाहेरच्या पट्ट्यातील तीन क्षेत्ररक्षकांपैकी मधला. सर्वांत मोठी जागा त्याच्या वाट्याला येते, आणि उंच चेंडूखाली दोघे धावले तर त्याची हाक शेवटची मानली जाते. फ्लडने ही जागा ज्या पद्धतीने सांभाळली तिला तोड नव्हती : १९६३ ते १९६९ अशी सलग सात वर्षे उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार, आणि १९६५ च्या सप्टेंबरपासून १९६७ च्या जूनपर्यंत सलग २२६ सामने एकही चूक नाही. फलंदाज म्हणूनही तो कच्चा नव्हता. १९६४ मध्ये त्याने २११ हिट मारल्या आणि कारकिर्दीची सरासरी ०.२९३ राहिली. कार्डिनल्सने १९६४ आणि १९६७ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकली. १९६८ च्या सिरीजमध्ये मात्र सातव्या आणि निर्णायक सामन्याच्या सातव्या डावात डेट्रॉइटच्या जिम नॉर्थरपने मारलेल्या चेंडूचा त्याचा अंदाज चुकला. तो आधी पुढे सरकला, मग मागे वळताना त्याचा पाय घसरला आणि चेंडू डोक्यावरून गेला. दोन धावा झाल्या, कार्डिनल्स हरले.

पुढच्या वर्षी त्याचा पगार ९० हजार डॉलर होता. ऑक्टोबर १९६९ मध्ये क्लबने त्याला टिम मॅकार्व्हर आणि आणखी दोघांसह फिलाडेल्फियाला देऊन बदल्यात डिक ॲलनसह तिघे घेतले. बारा हंगामांनंतर ही बातमी त्याला पहाटे फोनवरून कळली, तीही कार्यालयातील मधल्या फळीच्या एका अधिकाऱ्याकडून. फिलाडेल्फियाचा संघ तळाजवळ होता आणि तेथील प्रेक्षक कृष्णवर्णीय खेळाडूंशी कसे वागतात, हे ॲलनच्या अनुभवावरून सर्वांना ठाऊक होते. तरी पगार कमी होणार नव्हता, उलट वाढणार होता. म्हणूनच पुढे जे घडले ते पैशासाठी नव्हते, हे मान्य करावे लागते.

खेळाडू संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर हे पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेले, हिशेबी गृहस्थ. त्यांनी फ्लडला स्पष्ट सांगितले, की खटला जिंकण्याची शक्यता जवळपास शून्य आहे, आणि जिंकलास तरी तोवर तुझी कारकीर्द संपलेली असेल. इतर खेळाडूंना त्याचा फायदा होईल का, एवढेच फ्लडने विचारले. २४ डिसेंबर १९६९ रोजी त्याने बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहिले : मेजर लीगमध्ये बारा वर्षे काढल्यानंतर माझ्या इच्छेचा विचार न करता विकत घ्यावी-विकावी अशी मी वस्तू आहे, असे मला वाटत नाही. कून यांनी उत्तरात माणूस वस्तू नसतो हे मान्य केले, पण त्याचा या प्रकरणाशी संबंध काय, हे आपल्याला कळत नसल्याचे कळवले. ९० हजार मिळवणाऱ्याने असे बोलावे का, असे दूरचित्रवाणीवर विचारल्यावर फ्लड म्हणाला, की भरपूर पगार मिळणारा गुलाम शेवटी गुलामच असतो. या वाक्याने त्याचे बरेच नुकसान केले; वृत्तपत्रे बिथरली आणि चाहते दुरावले.

१९७० च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क येथे सुनावणी झाली. जॅकी रॉबिन्सन आणि हँक ग्रीनबर्ग या माजी खेळाडूंनी त्याच्या बाजूने साक्ष दिली. त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू न्यायालयात फिरकला नाही. संघटनेने खर्च उचलला होता, पण मालकांच्या नजरेत येण्याची तयारी कोणाचीच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९ जून १९७२ रोजी ५ विरुद्ध ३ मतांनी निकाल दिला. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी सुरुवातीलाच जुन्या बेसबॉलपटूंच्या नावांची लांबलचक यादी दिली. दोन सहमत न्यायमूर्तींनी तेवढ्या भागाला सही नाकारली. बेसबॉल हा आंतरराज्य व्यापारच आहे आणि त्याला मिळालेली सूट विसंगत आहे, हे निकालात मान्य केले आहे. तरीही ती विसंगती पन्नास वर्षांची असल्यामुळे ती काढण्याचे काम काँग्रेसचे, असा त्याचा शेवट आहे. चूक जुनी झाली म्हणून ती जपावी, हा युक्तिवाद कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही चमत्कारिक वाटतो.

तोवर फ्लड मैदानातून बाहेर पडला होता. १९७० चा हंगाम त्याने बुडवला, १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून १३ सामने खेळला आणि एप्रिल संपण्यापूर्वी मालकाला तार पाठवून स्पेनला निघून गेला. मायोर्का बेटावर त्याने बार चालवला. दारू, कर्ज आणि एकटेपणात काही वर्षे गेली.

इकडे मिलर यांनी दुसरे दार उघडले होते. खटला चालू असतानाच, १९७० च्या सामूहिक करारात, तक्रारींचा निवाडा आयुक्तांऐवजी स्वतंत्र लवादाने करावा, अशी तरतूद त्यांनी करून घेतली होती. १९७३ मध्ये, दहा वर्षे मेजर लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघाकडे काढलेल्या खेळाडूला अदलाबदल नाकारण्याचा हक्क मिळाला. फ्लड त्या अटीत तंतोतंत बसला असता. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन खेळाडूंनी १९७५ चा हंगाम नव्या करारावर सही न करता काढला. २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी ठरवले, की करार वाढवण्याचे एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. मालकांनी साइट्झ यांना लगेच पदावरून दूर केले, पण कलम मोडले ते मोडलेच.

फ्लड पुढे ओकलंडला परतला, काही काळ रेडिओवर समालोचन केले, मुलांच्या लीगचे काम पाहिले आणि २० जानेवारी १९९७ रोजी घशाच्या कर्करोगाने लॉस एंजेलिस येथे वारला. वय ५९. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ‘कर्ट फ्लड कायद्या’वर सही केली आणि मेजर लीगच्या खेळाडूंच्या नोकरीपुरती १९२२ ची सूट संपली. मायनर लीगच्या खेळाडूंना, म्हणजे हाय पॉइंट आणि सव्हानातल्या फ्लडसारख्या मुलांना, या कायद्यातून स्पष्ट शब्दांत वगळण्यात आले.