हेलिकोबॅक्टर पायलोरी संसर्ग आणि दाहक आंत्रविकार

जठराच्या श्लेष्मल अस्तरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा सर्पिल जंतू आणि दीर्घकालीन दाहक आंत्रविकार, म्हणजे व्रणयुक्त बृहदांत्रशोथ (मोठ्या आतड्याचा व्रणांसह होणारा दाह) व क्रोन विकार (पचनमार्गात कोठेही होऊ शकणारा दाह), यांच्यातील संबंध. तो व्यस्त आढळतो : आंत्रविकाराच्या रुग्णांत हा जंतू इतरांपेक्षा कमी सापडतो. त्यामागील कारणाविषयी मतभेद आहेत.

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये हा जंतू प्रथम वाढवला. जठरशोथ व पचनव्रणाशी त्याचा संबंध दाखवल्याबद्दल त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९४ मध्ये त्याची गणना कर्करोगजनकांत झाली. अशा जंतूचा आतड्याला काही उपयोग असेल, ही कल्पना त्यामुळे बराच काळ कोणी फारशी मनावर घेतली नाही.

व्यस्त संबंधाचा बहुचर्चित पुरावा त्याच वर्षी ग्लासगोहून आला. तेथील पाहणीत संसर्गाचे प्रमाण आंत्रविकाराच्या रुग्णांत सुमारे २२ टक्के, तर तुलनागटात सुमारे ५२ टक्के होते. संशोधकांनी याचे श्रेय आंत्रविकारावरील सल्फासलाझिन या औषधाला दिले. सल्फापिरिडीन आणि ५-अमिनोसॅलिसिलिक अम्ल यांच्या जोडणीतून हे औषध बनते. बृहदांत्रातील जंतू ती जोडणी तोडतात. सल्फापिरिडीन हे मुळात जंतुरोधक असल्याने औषध घेणाऱ्यांच्या जठरातील जंतू त्याच्यामुळेच नाहीसा होत असावा, असा तर्क होता. हे औषध कधीच न घेता सल्फापिरिडीन नसलेली मेसलाझिन किंवा ओल्सलाझिन ही औषधे घेणाऱ्यांत संसर्गाचे प्रमाण तुलनागटाच्या जवळपास असल्याने त्या तर्काला बळ मिळाले. पुढे मात्र नुकतेच निदान झालेल्या बालरुग्णांतही जंतू कमी आढळला, तेव्हा केवळ औषधावर सारी भिस्त ठेवणे कठीण झाले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या २३ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात हे प्रमाण रुग्णांत सुमारे २७ टक्के आणि इतरांत ४१ टक्के आले. अभ्यासाभ्यासांतील तफावत मोठी असल्याचेही त्यात नोंदवले आहे.

जंतूच संरक्षण करतो असे मानणारे रोगप्रतिकार यंत्रणेकडे बोट दाखवतात. संसर्ग सहसा बालपणी होतो आणि उपचार न केल्यास दशकानुदशके टिकतो. या काळात तो नियामक टी-पेशींना (प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना) चालना देऊन दाहक प्रतिसाद आवरता ठेवतो, असे समजले जाते. जंतूच्या डीएनएने उंदरांतील प्रायोगिक बृहदांत्रशोथ सौम्य झाल्याचे दिसले आहे. पण उंदरांतील हा शोथ रसायन देऊन घडवलेला असतो, मानवी विकाराशी त्याचे साम्य मर्यादितच.

दुसऱ्या मतानुसार जंतू हा संरक्षक नसून बालपणीच्या परिस्थितीची फक्त खूण आहे. दाटीची वस्ती, अस्वच्छ पाणी, मोठे कुटुंब अशा परिस्थितीत तो लवकर शिरतो, आणि अशाच बालपणात इतर अनेक जंतूंशीही गाठ पडते; आंत्रविकाराचा धोका कमी होतो तो त्यामुळे असावा. बालपणी वारंवार दिलेली प्रतिजैविके एकीकडे हा जंतू घालवतात, दुसरीकडे आतड्यातील जंतुसमूह विस्कटून आंत्रविकाराचा धोका वाढवू शकतात. आम्लरोधक गोळ्या चालू असताना केलेल्या चाचणीत संसर्ग निसटतो, ही अडचण वेगळीच. उपलब्ध पुराव्यांवरून आकड्यांतील संबंध खरा, पण त्याचा काही भाग तरी परिस्थितीजन्य, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

भारतात हा संसर्ग सर्रास आढळतो, तरी आंत्रविकार येथे दुर्मीळ नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंजाबमधील पाहणीत व्रणयुक्त बृहदांत्रशोथाचे प्रमाण लाखात सुमारे ४४ होते. आतड्याचा क्षय व क्रोन विकार यांची लक्षणे मिळतीजुळती असल्याने येथील क्रोन विकाराचे आकडे जपूनच वाचावे लागतात.

व्रण, जठराचा विशिष्ट लसिका-अर्बुद (लिंफोमा) किंवा कर्करोगाचा धोका असल्यास आंत्रविकाराच्या रुग्णातही जंतुनाशक उपचार केले जातात. अशा उपचारांनंतर आंत्रविकार नव्याने जडण्याचा धोका वाढतो का, हे तैवानमधील आरोग्यविम्याच्या नोंदींवरून तपासले गेले. २०१९ च्या त्या अभ्यासात धोका वाढल्याचे दिसले. मात्र तो जंतू गेल्यामुळे की घेतलेल्या प्रतिजैविकांमुळे, हे अशा नोंदींवरून वेगळे काढता येत नाही.