शब्दशिडी: अक्षर बदलायचे की मात्रा?

एका शब्दातले एकच अक्षर बदलून दुसरा शब्द, त्यातून तिसरा, असे करत ठरलेल्या शब्दापर्यंत पोहोचायचे, हा खेळ वहीच्या मागच्या पानावर खेळला नाही असा वाचक विरळाच. ऑक्सफर्डमधल्या एका गणिताच्या अध्यापकाने १८७७ च्या नाताळात, करायला काहीच नसलेल्या दोन मुलींसाठी तो रचला. मार्च १८७९ मध्ये लंडनच्या एका साप्ताहिकात त्याची बक्षीस-स्पर्धा सुरू झाली. ‘डोके’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दापासून ‘शेपटी’ या अर्थाच्या शब्दापर्यंत चार दुव्यांत, म्हणजे मधल्या चार शब्दांत, जायचे, हा त्याचा नमुना. लोक कोशातले दुर्मीळ शब्द धुंडाळून आणू लागले, तेव्हा त्याच वर्षी निघालेल्या पुस्तिकेत चालणाऱ्या शब्दांची यादीच द्यावी लागली.

मराठीत मात्र वाद शब्दांच्या यादीआधी, ‘अक्षर’ या शब्दापाशीच सुरू होतो. अक्षर म्हणजे पूर्ण ‘मा’, की ‘म’ वेगळा आणि काना वेगळा? ‘माती’चे ‘सोने’ करून पाहा. पूर्ण अक्षर बदलायची मुभा असेल तर माती, पाती, पाने, सोने. दोन दुव्यांत काम झाले. पण ‘ती’चा ‘ने’ होताना व्यंजनही बदलले आणि मात्राही, म्हणजे स्वराची खूणही. एका वेळी व्यंजन किंवा मात्रा यांपैकी एकच बदलायचे ठरवले, की रस्ता असा लांबतो: माती, मोती, मोडी, जोडी, जोडे, सोडे, सोने. पाच दुवे, आणि मधल्या प्रत्येक पायरीवर विचार करावा लागतो. (सोडे म्हणजे सुकवलेली सोललेली कोळंबी, कोकणाबाहेरच्या खेळाडूने हरकत घेतली तरी शब्द पक्का आहे.)

पूर्ण अक्षराचा नियम सोपा आहे, लहान मुलांना लगेच कळतो, हे खरेच. पण त्यात खेळाचा जीव जातो. दोन अक्षरी शब्दांत तर ‘हात, पात, पाय’ म्हणेपर्यंत डाव संपतो. मात्रेचा नियमच मूळ खेळाच्या जवळचा आहे, कारण इंग्रजीत स्वर आणि व्यंजन प्रत्येकी एक वेगळे चिन्ह असते आणि एका पायरीला त्यातले एकच बदलते.

संगणक आल्यावर गुंता वाढला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने पाच अक्षरी ५,७५७ इंग्रजी शब्द यंत्राकडून एकमेकांना जोडून घेतले. त्यातल्या ६७१ शब्दांना एकही शेजारी सापडला नाही. तीच रीत देवनागरीला जशीच्या तशी लावता येत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या प्रमाण संकेतावलीत, ‘माती’ ही चार चिन्हे आणि ‘मत’ ही दोनच, कारण ‘म’ आणि ‘त’ यांच्यातल्या ‘अ’ला स्वतंत्र चिन्ह नाही. म्हणून ‘मत’चे ‘मात’ केले की यंत्राला लांबी बदललेली दिसते आणि ते पायरी नाकारते. व्याकरणाने पाहिले तर तिथे ‘अ’चा ‘आ’ झाला, एवढेच. मराठी शब्दशिडीचा संगणक-प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने हा लपलेला ‘अ’ आधी मोजायला हवा. जोडाक्षरांचे कोडे त्यानंतरचे: ‘पात्र’मधला ‘त्र’ एक धरायचा की दोन, हे डाव मांडतानाच ठरवून घ्यावे लागते.